बदललेल्या ओळी

सुरतेजवळच्या इच्छापोरच्या त्या डाइंग मिलचं ऑफिस माळ्यावर होतं. खाली जेट मशिनांत उकळत्या रंगात कापड शिजायचं आणि वाफ लोखंडी जिन्याने वर चढून थेट हर्षदाच्या टेबलापर्यंत यायची. रंगाचा आंबूस वास तिच्या ओढणीला कायमचा बसला होता. नवागामहून मिलच्या गाडीने येणारी ती एकटीच बाई. बाकी सगळे कारागीर, बहुतेक खानदेशातले, अर्धे तिच्याच गल्लीतले.

हजेरीचं काम तिच्याकडे होतं. ऑफिसच्या दाराशी अंगठ्याचं मशीन होतं. अंगठा ओळखला की ते बाईच्या आवाजात ‘थँक यू’ म्हणायचं आणि नोंद तिच्या जुन्या कॉम्प्युटरमधल्या एका फाइलीत जाऊन पडायची. ती फाइल उघडणारा रंगीत प्रोग्रॅम कधीचाच बंद पडला होता, बनवणारा माणूस फोन उचलत नव्हता आणि शेठ नवीन काही घेईनात. शेवटी हर्षदा पडद्यावर काळी खिडकी उघडून फाइलीला थेट हुकूम द्यायला शिकली. अमुक नंबरच्या कामगाराच्या ओळीत अमुक बदल कर, असं टाइप करायचं आणि एंटर मारायचं. खाली उत्तर यायचं, बदललेल्या ओळी : १. तिला ते आवडायचं. काळी खिडकी गोड बोलत नसे, पण खोटंही बोलत नसे.

मागच्या आठवड्यात एका जेट मशिनचं झाकण उडालं आणि उकळतं पाणी ते चालवणाऱ्या रामदासच्या अंगावर आलं. पाळी संपली तरी बदली माणूस आल्याशिवाय मशीन सोडायचं नाही, अशी या रामदासची ख्याती होती. दवाखान्यात त्याने दोन दिवस काढले आणि तो गेला.

सोमवारी दुपारी त्याची बायको उषाबाई कठडा धरत जिना चढून वर आली. कपाळ मोकळं होतं. ती खुर्चीवर बसेना.

“माय, माले दुसरं काहीच नको,” ती म्हणाली. “त्या कामवरच व्हतात, एवढं लिखी दे. लोके म्हणतस, काम सोडेल व्हतं, दारू पिसन मिलमा उना व्हता.”

“लिहिलेलंच आहे, मावशी. रोजचा अंगठा आहे त्यांचा.”

उषाबाईने मान हलवली आणि ती खाली जाऊन गेटपाशी सावलीत बसून राहिली.

ती जाताच मॅनेजर प्रशांतभाई आत आले. मूळचे धुळ्याकडचे, पण सुरतेत इतकी वर्षं काढलेली की मराठीतसुद्धा गुजराती हेल येई.

“हर्षदाबेन, उद्या कामगार खात्याचा साहेब येतोय. रामदासच्या ओळीत लिहून टाक ने, काम सोडलं. एक तारखेपासून.”

“एक तारखेनंतरचे अंगठे आहेत त्याचे.”

“तेही काढ. शेठनं सांगितलंय.” त्यांचा आवाज आणखी मऊ झाला. “लोटूकाका आपल्याच फोल्डिंग खात्यात आहेत ना?”

लोटूकाका म्हणजे हर्षदाचे वडील. तिने काळी खिडकी उघडली आणि रामदासच्या नंबरापुढे ‘काम सोडलं’ असं टाइप केलं. बदललेल्या ओळी : १.

बाहेर अंगठ्याचं मशीन म्हणालं, “थँक यू.”

दोघांनी वळून पाहिलं. जेवणाची सुट्टी होती. जिना रिकामा होता.

“तपासून बघ,” प्रशांतभाई म्हणाले.

तिने ओळ पुन्हा मागवली. रामदास. हजर. तारीख आजची.

फाइल अडकली असेल, हर्षदाच्या मनात आलं. मशीन जुनी नोंद परत पाठवत असेल. ती उठली, दाराशी गेली आणि मशिनची वायर स्वतःच्या हाताने उपटून ती घेऊनच टेबलाशी आली. वायर मांडीवर ठेवून तिने तोच हुकूम पुन्हा दिला.

“थँक यू,” बाहेरून आवाज आला.

रामदास. हजर.

वायर तिच्या मांडीवर होती. दारातल्या मशिनच्या काचेवर वाफ धरली होती आणि त्या वाफेत अंगठ्याएवढा भाग स्वच्छ पुसलेला होता. त्यातून पाण्याचा एक ओघळ भिंतीवर उतरत होता.

“ओळच उडव,” प्रशांतभाई म्हणाले.

तिने उडवली. ओळ गेली. तिच्या डोळ्यांदेखत परत आली. बोटांखालची बटणं आता चहाच्या पेल्यासारखी गरम लागत होती.

घाबरायला हवं होतं. पण हर्षदाला आला तो संताप, प्रशांतभाईंचा आणि त्याहून जास्त स्वतःच्या बोटांचा.

“तो जात नाहीये,” ती म्हणाली.

“पुन्हा कर.”

“नाही.”

“लोटूकाकांचा विचार कर, पोरी.”

“त्यांना मी सांगेन. ते म्हणतील, बरं केलंस. आणि नाही म्हणाले तरी मी हे करणार नाही.”

तिने टाइप करायला घेतलं. नंबर रामदासचा, एकट्या रामदासचा. शेरा : कामावर असताना मृत्यू.

प्रशांतभाईंनी कीबोर्ड ओढायला हात घातला आणि किंचाळून मागे घेतला. तळव्यावर फोड उठत होते.

हर्षदाची बोटं बटणांवरच होती. तिला काही झालं नाही.

तिने एंटर मारलं.

या वेळी दारातलं मशीन बोललं नाही. खाली जेट मशिनांची घरघर तेवढी ऐकू येत होती.

बदललेल्या ओळी : ७.

तिने नंबर पुन्हा वाचला. एकच होता.

मग तिने बदललेल्या ओळी पडद्यावर मागवल्या. वर रामदास. त्याच्याखाली बळीराम, जो गावी परत गेला असं सगळे सांगायचे. त्याच्याखाली तिने कधी न ऐकलेली नावं, जुन्या वर्षांची. रामदास सोडून प्रत्येकापुढे इतकी वर्षं ‘काम सोडलं’ असं होतं. आता तिथे तिचे शब्द होते.

“बंद कर ते,” प्रशांतभाई पुटपुटले.

तिने छपाईचा हुकूम दिला. प्रिंटरने कागद आत ओढला.

“पहिला कागद उषाबाईंना,” ती म्हणाली. “दुसरा उद्या साहेबांच्या हातात. मी स्वतः देणार.”

शेवटची ओळ एका बाईची होती. जयश्री. पत्ता नवागाम. खातं ऑफिस. काम कॉम्प्युटर. शेरा : कामावर असताना मृत्यू.

“प्रशांतभाई, ही जयश्री कोण?”

त्यांची नजर पडद्यावर नव्हतीच. हर्षदा ज्या खुर्चीवर बसली होती, त्या खुर्चीकडे ते बघत होते.