आधी सावली

मी ड्राफ्ट्समन होतो. निवृत्त झाल्यापासून घराखालच्या शिंप्याच्या दुकानात बसतो आणि दुकानापुढच्या फुटपाथवरचा बसथांबा पेन्सिलीने काढतो. फळवाल्याच्या चेहऱ्यावरचा कंटाळा चार रेघांत उतरतो. बसची काच काढावीच लागत नाही, तेवढा कागद कोरा ठेवला की झालं. ओझ्याने वाकलेला खांदा हवा असेल तर मऊ पेन्सिल जरा दाबायची.

सगळं जमतं. बायको तेवढी जमत नाही.

ती याच थांब्यावरून कामाला जायची. बसमध्ये चढण्याआधी एकदा वळून माझ्याकडे बघायची. ते बघणं मला कागदावर हवं होतं. घरात फोटो आहेत, पण फोटोत ती फोटोसाठी उभी आहे. आणि डोक्यातला चेहरा ती गेल्यापासून पुसट होत चाललाय.

माझी पद्धत उलटी. आधी सावली काढायची, म्हणजे माणसाची जागा पक्की होते. मग माणूस. तिची सावली पहिल्याच झटक्यात आली, खांद्यावरच्या पिशवीसकट. त्या सावलीवर मात्र दर वेळी कुणीतरी परकी बाई उभी राहायची. खोडून खोडून तिथल्या कागदाला लव आली.

"काका, रबराला सुट्टी द्या आता," शिंपी म्हणाला. "भोक पडलं की रफू करायला माझ्याकडेच याल."

मी पेन्सिल आपटली आणि समोर बघितलं. थांब्यावर गर्दी होती. मधोमध एका माणसापुरती जागा मोकळी होती. तिथे फरशीवर सावली पडली होती. पिशवीसकट.

"ती कुणाची रे?"

शिंप्याने मशीन थांबवलं. "खांबाची असेल."

तिथे खांब नव्हता. त्यालाही ते माहीत होतं. तो सुईत दोरा ओवत बसला, मान वर न करता.

मी उठून थांब्यावर गेलो. एक म्हातारी त्या जागेला वळसा घालून पुढे सरकली, कुणाला धक्का लागू नये अशा बेताने.

मी डोळे फाडून बघितलं. काही नाही.

बस आली. कंडक्टर दारातून वाकला.

"चला बाई, आटपा."

"तुम्हाला दिसते ती?" मी विचारलं. "चेहरा कसा आहे? नीट सांगा."

"मला काय विचारता?" तो वैतागला. "माझ्याकडे पाठ आहे त्यांची. मघापासून तुमच्याकडेच बघताहेत."

मी पुन्हा बघितलं. रिकामा फुटपाथ.

"या," कंडक्टर म्हणाला, आणि कुणालातरी आत घ्यायला बाजूला सरकला.