पहिल्यापासून सांग

बार्शीच्या डुलकीघरात दुपारी दोनला पडदे ओढले जात आणि बावीस खाटांवर बावीस माणसं निजत. वामकुक्षी आपल्याकडे जुनीच, पण ही माणसं झोपेत सराव करत. प्रत्येकाच्या डोक्याला तांब्याच्या बारीक तारा विणलेली कापडी टोपी असे आणि उशाशी गेमचा कंट्रोलर. तीन वाजले की एकेक जण उठे, डोळेही न चोळता कंट्रोलर उचले आणि पडद्यावरच्या डोंगरात पळत सुटे.

ही वेगखेळी मंडळी. पन्नास वर्षांपूर्वीचा 'डोंगरदेव' नावाचा व्हिडिओ गेम म्हणजे त्यांचा जीव की प्राण. एक धनगर हरवलेलं कोकरू शोधत सात डोंगर चढतो, एवढीच त्याची गोष्ट. सरळ खेळलात तर नऊ तास लागतात, पण वेगखेळ्यांना सरळ काही मानवत नाही. गेम बनवणाऱ्याच्या नजरचुकीनं कुठली भिंत पोकळ राहिलीय, कुठल्या कड्यावरून तिरकी उडी घेतली की थेट पुढच्या डोंगरावर पडता येतं, हे ते वर्षानुवर्षं हुडकत बसत. अशा फटीला ते चोरवाट म्हणत. चोरवाटा जोडत जोडत विक्रम बावीस मिनिटांवर आला होता. नियम दोनच: सापडलेली चोरवाट कुणापासून लपवायची नाही, आणि एक जरी चूक झाली तरी डाव तिथंच सोडून पहिल्यापासून सुरू करायचं.

बावीस मिनिटांचा तो विक्रम बासष्ट वर्षांच्या बालाजी तोडकरींचा होता. एकतीस वर्षं एसटी चालवताना हा गृहस्थ एकदाही वेळेआधी पोचला नव्हता, हे बार्शीकर हसत हसत सांगत.

टोपीमागचं शास्त्र तसं सोपं आहे. उंदराला भुलभुलैयातून फिरवून झोपू दिलं, तर झोपेत त्याचा मेंदू तीच वाट कितीतरी पट वेगानं पुन्हा चालतो. हे शतकाच्या सुरुवातीपासून ठाऊक होतं. त्याहून नवल असं, की कधीकधी तो मेंदू उंदीर जागेपणी कधीच न गेलेल्या वाटेनं जातो. दोन ओळखीचे रस्ते तो आपणच जोडतो आणि मधलं सगळं गाळतो. डॉ. निलोफर मुजावरांनी झोपेतल्या या खटाटोपाला विजेचा हलका रेटा दिला आणि त्याचं नाव ठेवलं 'संक्षेप'. चाचणीसाठी त्यांना हौशी माणसं हवी होती, आणि वेगखेळ्यांहून हौशी माणसं शोधून सापडली नसती.

बालाजींची मुलगी ईश्वरी लातूरला औषधाच्या दुकानात होती. आईच्या वर्षश्राद्धाला ती आली. आईच्या आजारपणाचे चौदा महिने ती रजा काढून घरीच राहिली होती. केमोचे दिवस, पेज, रात्रीची उलटी, सगळं बापलेकीनं मिळून काढलं होतं.

पंगत उठल्यावर मावशीनं विषय काढला. "शेवटी शेवटी लई हाल झाले असतील ना हो, दाजी?"

"हाल कशाचे?" बालाजी म्हणाले. "मार्चात पोटात दुखतंय म्हणाली. दवाखान्यात नेलं. मग गेली."

ईश्वरीला वाटलं, पाहुण्यांसमोर बोलवत नसेल. नंतर तिनं एकांतात विचारलं. केसांचं विचारलं, दुसऱ्या ऑपरेशनचं विचारलं. परक्या गावाचा पत्ता विचारल्यासारखे ते तिच्याकडे बघत राहिले.

"असं झालं व्हय?" ते म्हणाले.

त्यांची तब्येत सुधारली होती. जेवण अंगी लागत होतं, झोप छान होती, डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता. ईश्वरीला आधी राग आला आणि मग भीती वाटली. ते चौदा महिने जगात दोघांनाच ठाऊक होते. आता ती एकटी उरली होती.

आई गेल्यापासून वडील रोज दुपारी त्या टोपीखाली झोपत होते, म्हणून दुसऱ्या दिवशी तिनं डुलकीघर गाठलं. आजूबाजूला माणसं निजलेली, म्हणून डॉक्टर कुजबुजतच बोलत होत्या.

"वाट जिथल्या तिथं आहे. मेंदू तिच्यावरून जात नाही, इतकंच," त्या म्हणाल्या.

"पण टोपी तर गेमसाठी आहे ना?"

"गेममधले रस्ते आणि आयुष्यात काय कशानंतर घडलं हे, मेंदू एकाच कोपऱ्यात सांभाळतो. माणूस मनात जी वाट सारखी चालतो, ती टोपी आखूड करते. तुमचे वडील दिवसभर दोनच वाटा चालत होते. एक 'डोंगरदेव'ची. दुसरी कुठली, ते तुम्हाला कळलंच असेल." त्यांनी वहीतल्या बालाजींच्या नावावर काट मारली. "हे आधी माझ्या लक्षात यायला हवं होतं. आजपासून त्यांची टोपी बंद."

"परत येईल सगळं?"

"जाणत्या माणसानं रोज थोडं थोडं, क्रमानं सांगायचं. पाऊल पडत गेलं की वाट मळते. पण जपून हं. सध्या तिथं ओली माती आहे. जे पाऊल उमटेल तेच राहील."

"आणि दुःख?"

"ते गाळून बाकीचं आणता येत नाही, ताई."

म्हणजे मी बापाला रडवायला निघालेय, ईश्वरी मनाशी म्हणाली. तरी ती निघाली. तिला एकटीला ते सगळं पेलत नव्हतं, हेच खरं.

तिनं रजा वाढवून घेतली. रोज दुपारी दोनला बालाजी घरीच खाटेवर बसत आणि ती समोरच्या खुर्चीवर. तिनं मार्चापासून सुरुवात केली. पहिली दुपार ते नुसते ऐकत राहिले. दुसऱ्या दुपारी मधेच म्हणाले, "ती पडल्या पडल्या घड्याळ धरायची. मी खेळायचो आन् ती सेकंद मोजायची." ईश्वरीनं हे सांगितलेलं नव्हतं. तिला इतका आनंद झाला की तिनं उठून चहा टाकला.

तिसऱ्या दुपारी जानेवारी आला.

"आई म्हणाली, एकदा उजनीला नेऊन ते रोहित पक्षी दाखवा. सगळ्या जिल्ह्याला फिरवलंत, मला एवढं दाखवा. तुम्ही खेळत होता, अप्पा. विक्रम जवळ आला होता. उद्या जाऊ म्हणालात."

"मग?"

"दुसऱ्या दिवसापासून तिला उठताच आलं नाही."

बालाजींचे डोळे भरून आले. मग त्यांचा उजवा अंगठा हलला, हवेतच कुठलंसं बटण दाबल्यासारखा.

"चुकलं," ते म्हणाले. "पहिल्यापासून सांग."

तिनं पहिल्यापासून सांगितलं. तीन दिवसांनी उजनी आली, पुन्हा अंगठा हलला, पुन्हा मार्च.

"अप्पा, हा गेम नाही. यात परत नाही सुरू करता येत."

"ठावं हाय गं मला. तरी सांग."

वेड्यासारखे ते मुळीच बोलत नव्हते. जन्मभराची सवय होती. सुरुवात नीट झाली तर पुढच्या खेपेला ती जागा बिनचूक पार होईल, असं त्यांचं मन धरून बसलं होतं. त्यापुढचं त्यांना ऐकायचंच नव्हतं. मधल्या काळात कुर्डुवाडीच्या कुणीतरी त्यांचा विक्रम अकरा सेकंदांनी मोडला. त्यांनी त्याची चौकशीसुद्धा केली नाही. ईश्वरीला मात्र आईचा पहिला केमो दहा वेळा भोगावा लागला, उशीवरचे केस दहा वेळा वेचावे लागले. तिला अन्न जाईना. रजा संपत आली. आई जानेवारीत अडकून पडली होती. धड जिवंत नाही, धड गेलेलीही नाही.

अकराव्यांदा उजनी आली.

"आई म्हणाली, एकदा ते रोहित पक्षी दाखवा," ईश्वरी म्हणाली. "तुम्ही खेळत होता." ती त्यांच्या अंगठ्याकडे बघत राहिली. "मग तुम्ही कंट्रोलर खाली ठेवलात. म्हणालात, ऊठ, आत्ताच जाऊ."

अंगठा हलला नाही.

"गेलो?" बालाजींनी हळूच विचारलं.

"गेलात."

त्यांनी मोठा श्वास सोडला. आता पुढं फेब्रुवारी, मग मार्च, एप्रिल. लवकर उरकून टाकू, असं ठरवून ईश्वरीनं तोंड उघडलं. पण बोलले बालाजीच.

"भिगवणला मुक्काम केला आम्ही. पहाटं नाव ठरवली. पाण्यावर धुकं होतं. तिच्या अंगावर तुझी ती निळी शाल."

ईश्वरीकडे निळी शाल कधीच नव्हती.

"पाखरं बिचकू नयेत म्हणून नावाड्यानं इंजिन बंद केलं आन् वल्ही मारायला लागला. तिनं माझा दंड धरला होता. असा, घट्ट." त्यांनी स्वतःचाच दंड धरून दाखवला.

त्या महिन्यात आईला चमचासुद्धा धरता येत नव्हता. ईश्वरीनंच तिला भरवलं होतं. एका शब्दात तिला हे थांबवता आलं असतं. अजूनही माती ओली होती.

"मग एकदम सगळी उठली," बालाजी सांगत होते. त्यांचा चेहरा उजळला होता. "हजारो. आख्खं आभाळ गुलाबी झालं बघ."

ईश्वरीनं खुर्ची पुढं ओढली.

"मग?" तिनं विचारलं. "आई काय म्हणाली?"