अण्णांच्या आवाजाचे चार दिवस

यंत्रात एखादा भाग आहे, यंत्राला तो दिसतोही आहे, तरी चालत का नाही? या कोड्याने शाल्मलीला रडवलं होतं. तिला हसू नका, तिच्या जागी तुम्हीही रडला असतात.

साल २०५८. भरती-ओहोटीचे शास्त्रज्ञ अण्णा केळुसकर, म्हणजे शाल्मलीचे आजोबा, वेंगुर्ल्यात राहत. घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज गेला होता. त्याआधी त्यांनी तो लॅपटॉपच्या स्वरचिपमध्ये (साठवलेल्या आवाजात नवी वाक्यं बोलणारा छोटासा भाग) भरून ठेवला होता. अण्णा टाइप करत आणि लॅपटॉप त्यांच्या आवाजात बोले, अगदी खाकरण्यासकट. पण लॅपटॉपची कंपनी बुडाली होती. त्यातली जुनी कार्यप्रणाली (यंत्राचे सगळे भाग चालवणारी व्यवस्था) कंपनीचा परवाना संपताच, म्हणजे येत्या रविवारी, कायमची बंद होणार होती.

बुधवारी शाळेतून आल्या आल्या शाल्मलीने पेन ड्राइव्ह काढला. "अण्णा, यात लिनक्स आहे. फुकट मिळते ही कार्यप्रणाली. जुनं पुसून हीच टाकते."

"घाई कुठे लागलीय?" लॅपटॉप अण्णांच्या आवाजात म्हणाला. "खोली भाड्याने घेण्याआधी नळाला पाणी येतं का बघतो ना आपण? आधी पेन ड्राइव्हवरूनच चालवून बघ. आतलं काही पुसलं जात नाही."

तिने लिनक्स तसं सुरू केलं. बोलण्याची सोय जुन्या कार्यप्रणालीत होती, त्यामुळे तपासणी होईपर्यंत अण्णांना बोलता येईना. त्यांनी कागद ओढून लिहिलं, 'प्रत्येक भागाला ड्रायव्हर लागतो (भाग आणि कार्यप्रणाली यांच्यातला दुभाष्या). एकेक तपास.'

स्क्रीन नीट होती. कीबोर्ड, कॅमेराही ठीक. वायफाय दोनदा रुसलं आणि मग लागलं. शाल्मली खुशीत आली. शेवटी तिने भागांची यादी उघडली. स्वरचिपचं नाव होतं, पण ड्रायव्हरची जागा रिकामी होती. अण्णांनी एक वाक्य टाइप केलं. लॅपटॉप गप्पच.

"चिप दिसतेय, मग बोलत का नाही?"

'पाहुणा दारात आहे, पण त्याची भाषा घरात कुणालाच येत नाही,' अण्णांनी लिहिलं. 'कंपनीने ती कुणाला सांगितलीच नाही.'

शाल्मलीने लॅपटॉप बंद करून पुन्हा जुन्या कार्यप्रणालीवर आणला. तिचे डोळे भरून आले होते. "मग तपासून उपयोग काय झाला? रविवारी तुमचा आवाज जाणारच ना?"

"आवाज चिपमध्ये राहील गं, फक्त बाहेर येणार नाही," अण्णा म्हणाले. "न तपासता टाकलं असतंस, तर तो आजच बंद झाला असता. आता चार दिवस आहेत. तेवढ्यात जुनी कार्यप्रणाली चिपशी काय काय बोलते ते टिपून ठेवू. त्यावरून कुणीतरी ड्रायव्हर लिहू शकेल."

मग रोज शाळेनंतर दोघं बसू लागली. अण्णा बाराखडी म्हणत. क, का, कि, की. प्रत्येक अक्षराला चिपकडे जाणारा संदेश शाल्मली टिपून ठेवी. याच आवाजाने तिला ही बाराखडी शिकवली होती, आणि ते आठवून तिला मधेच हुंदका येई. अण्णा थांबत, आणि पुन्हा पुढचं अक्षर घेत.

शनिवारी संध्याकाळी सगळी अक्षरं संपली. "झालं गं. दमलीस?" अण्णा म्हणाले. त्या आवाजातलं हे शेवटचं वाक्य. रविवारी सकाळी जुनी कार्यप्रणाली सुरूच झाली नाही.

शाल्मलीने लिनक्स टाकलं. जगभरचे लोक कुठल्या यंत्रावर काय चालतं ते जिथे नोंदवतात, त्या यादीत तिने लिहिलं, 'स्वरचिप चालत नाही. न तपासता जुनं पुसू नका.' ड्रायव्हर लिहिणाऱ्या स्वयंसेवकांना तिने सगळी टिपणं पाठवली. दुपारी उत्तर आलं, 'टिपणं फार कामाची आहेत. जमेलसं वाटतं, पण वर्ष-दोन वर्षं लागतील.'

अण्णांनी ते वाचून मान हलवली आणि सवयीने काहीतरी टाइप केलं. खोलीत आवाज आला नाही. त्यांची बोटं तशीच थांबली.

शाल्मली त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. आधी अण्णांसारखी खाकरली आणि मग तिने स्क्रीनवरचं मोठ्याने वाचलं, "आज चहा कोण करणार?"