फ्रिजदुरुस्तीच्या वर्गातला बटणवाला

"अहो, जरा सरकता का?" त्याचे माझ्याशी हे पहिले शब्द. आणि स्वतः मात्र माझ्या स्क्रू ड्रायव्हरवर पाय देऊन उभा!

मी आधीच वैतागलेली. इतकी वर्षं हातमोजे शिवले. परदेशातून निम्म्या किमतीचे हातमोजे यायला लागले आणि आमच्या कारखान्याला टाळं लागलं. अशा कामगारांसाठी सरकारने योजना काढली — नवं काम शिका, शिकेपर्यंत भत्ता घ्या. मी शिवणातलंच पुढचं काहीतरी मागितलं, तर ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, "ते तर येतंच की तुम्हाला!" आणि मला फ्रिजदुरुस्तीला बसवलं.

तो बटणांच्या कारखान्यातला. तिथेही तीच कथा. सगळे त्याला बटणवालाच म्हणत. आम्हा दोघांत फ्रिज एक, आणि तो उघडायचा सोडून याच्या गप्पा सुरू.

"चिडलात की तुमचं नाक लाल होतं."

"तुम्ही बोललात की माझं डोकं दुखतं."

"म्हणजे... परिणाम होतोय तर!"

असला माणूस! आई आजारी पडली आणि माझा वर्ग बुडाला, तेव्हा माझा भत्ता कापू नका म्हणून हा त्या बाईंशी भांडायला गेला. माझा कापला तो कापलाच, वर याचाही कापला!

"कुणी सांगितलं होतं नसती उठाठेव करायला?" मी ओरडले. तो नुसता हसला. मी माझा अर्धा डबा त्याच्यापुढे सरकवला... आणि स्वतःवरच चिडले.

वर्ग संपता संपता त्याला दूरच्या शहरात नोकरी लागली. निघायच्या आदल्या दिवशी फ्रिजच्या दाराची उगाच उघडझाप करत म्हणाला, "नोकरीसाठी गाव सोडलं तर सरकार प्रवासखर्च देतं. बायको असेल तर... तिचाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "तिकीट फुकट मिळतंय म्हणून लग्न?"

"नाही हो! मला नीट विचारता येईना, म्हणून... सरकारला मध्ये घातलं."

एवढा बडबड्या माणूस, आणि परत त्या दाराची उघडझाप!

"सरकारला राहू द्या बाजूला. तुम्ही विचारा."

"माझ्याबरोबर... याल?"

"आईला सोडून नाही येणार मी."

"पण योजनेत सासूबाई बसत नाहीत," तो कावराबावरा झाला.

"मग तिच्या तिकिटाचं आपण बघू," मी खेकसले.

बोलून गेल्यावर कळलं — मी 'आपण' म्हणाले होते.