आईचा रकाना

“कानातले काढा.”

पहिल्याच भेटीत एखाद्या पुरुषाने पहिलंच वाक्य हे बोलावं! ती दारात उभी होती. एक पाय जंतुनाशकाच्या ट्रेमध्ये, दुसरा अजून बाहेर, अंगात दोन मापं मोठा निळा झगा आणि तोंडावर मास्क. समोरच्याचाही तोच अवतार. दिसत होते ते फक्त डोळे, आणि ते बेट्याचे हसत होते.

“म्हणजे?” ती जरा तोऱ्यातच म्हणाली.

“ते झुलतायत ना... आत आमची चाळीस नंबरची बसलीय. ती आधी कानातले बघेल, मग तुम्हाला. कान जागेवर राहील, कानातल्यांची हमी देत नाही.”

तिने मुकाट्याने कानातले काढले. त्याने एक छोटी पत्र्याची डबी पुढे केली, ती बंद केली, वर चिकटपट्टी लावली आणि नमुन्याच्या बाटलीवर लिहितात तसं ऐटीत लिहिलं – ‘कानातले, दोन. मालकीण – अज्ञात.’

“अज्ञात काय म्हणून? मी मुख्य कार्यालयातून आलेय. समन्वयक.”

त्याचं पेन थांबलं. “म्हणजे... सोयरीकबाई?”

हे नाव आपल्याला पडलंय हे तिला माहीत होतं, पण तोंडावर कुणी म्हटलं नव्हतं. रागवावं की हसावं? मास्कच्या आत ती हसली आणि वरून भुवया चढवल्या. त्याला बरोबर काय ते कळलं.

तसं नाव काही चुकीचं नव्हतं. औषधांच्या संशोधनासाठी माकडं सांभाळणारी चार केंद्रं, चार गावांत. बाहेरून नवीन माकड आणायचं नाही, असलेल्यांतूनच पुढची पिढी व्हायची. मग भावाबहिणींची, मावसभावंडांची जोडी जमू नये, रक्त एकाच घरात फिरत राहू नये, म्हणून कुठला नर कुठल्या केंद्रातल्या कळपात पाठवायचा ते ती ठरवत असे. आठशे माकडांची वंशावळ तिच्या संगणकात होती. आईने तर घरी धोशाच लावला होता, “आठशे जणांची लग्नं जुळवलीस गं बाई, घरातल्या एकीचं तेवढं राहिलंय.”

दोन वर्षं ती हंगामी होती. येत्या शुक्रवारी समितीची बैठक होती आणि तिला कायम करायचं की नाही ते त्यात ठरणार होतं. त्याआधी गुरुवारी अठ्ठ्याऐंशी नंबरचा नर इथून तिसऱ्या केंद्रात जायचा होता. तिने एकटीने, कुणाला न विचारता केलेलं हे पहिलं मोठं स्थलांतर. सगळं सुरळीत पार पडलं की ती सुटली.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, त्याने तिला कळप दाखवला. कळपाची काच मोठी होती आणि बाहेर बसायला लाकडी बाक. तिला माकडं आकड्यांनी माहीत होती, त्याला स्वभावाने.

“तो कोपऱ्यात पाठ फिरवून बसलाय तो तुमचा अठ्ठ्याऐंशी. आम्ही त्याला खडूस म्हणतो. पण आई आली की बघा.”

एक म्हातारीशी मादी सावकाश आली, खडूसच्या मागे बसली आणि त्याच्या पाठीतले केस विंचरल्यासारखे चाळू लागली. खडूसने डोळे मिटले. त्याचा खडूसपणा कुठल्या कुठे गेला.

“ही सतरा,” ती म्हणाली. “याची आई.”

त्याने नजर काचेवरून काढून घेतली. खिशातली जाड वही त्याने हाताने चाचपली. ही वही म्हणजे त्याचं दुसरं अंगच. सगळे त्याला वहीवालाच म्हणत. केंद्राचा तो मुख्य राखणदार. आठ वर्षं रोज सकाळी सहाला हजर. रजिस्टर सरकारी, वही स्वतःची.

“काय झालं?”

“काही नाही... ऊन येतंय का डोळ्यांवर? इकडे सरका.”

ती सरकली, जरा जास्तच.

बुधवारी कँटीनमध्ये तिच्या टेबलाशी एक माणूस थाळी घेऊन उभा राहिला. सावळा, हनुवटीवर बारीक व्रण, कानशिलांवर दोन-चार पांढरे केस. देखणा म्हणावा असा नाही, पण नजर हटू नये असा.

“इथे कुणी येणार आहे,” तिने ठसक्यात सांगितलं. ती वहीवाल्याची वाट बघत होती.

“कोण येणार आहे?”

“आहेत एक जण... तुम्हाला काय करायचंय?”

त्याने खिशातून वही काढून टेबलावर ठेवली. तिला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

“तीन दिवस बोलतोय आपण,” तो म्हणाला, “आणि नुसत्या चेहऱ्यावरून ओळखता येऊ नये? मी तर तुम्हाला पाठमोरं ओळखलं.”

“मास्कशिवाय बघितलं नव्हतं ना...”

“मग? नापास?”

“जेवा आता,” ती म्हणाली. पण स्वतःचा घास हातातच राहिला होता आणि ते त्याच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

गुरुवारी अकराला गाडी निघायची होती. खडूसचा पिंजरा तयार होता, कागद तयार होते, तिची सही झाली होती. नऊ वाजता वहीवाला तिच्या टेबलाशी आला. चेहरा उतरलेला.

“गाडी थांबवा.”

“काय?”

“खडूसची आई सतरा नाही. एकतीस आहे.”

तिने संगणकावर वंशावळ उघडली. एकतीस नंबरच्या दोन मुली दोन वर्षांपूर्वी तिसऱ्या केंद्रात गेल्या होत्या. खडूसला ज्या कळपात सोडायचं होतं, त्याच कळपात. म्हणजे ती एका भावाला थेट त्याच्या बहिणींच्या घरी नवरा म्हणून पाठवत होती.

“हे कधीपासून माहीत आहे तुम्हाला?”

“त्याच्या जन्मापासून. सहा वर्षं.” त्याने मान खाली घातली. “तो कुठे जाणार ते काल संध्याकाळी आदेशात वाचलं. घरी जाऊन जुन्या वह्या काढल्या, खात्री केली.”

“आणि सहा वर्षं रजिस्टरमध्ये खोटी आई?”

त्याने एक जुनी वही उघडून तिच्यासमोर ठेवली आणि गाडी थांबवायला गेला.

केंद्राची पद्धत अशी होती, की बापाची तपासणी रक्तावरून व्हायची, पण आईची नाही. आई काय, डोळ्यांना दिसते! सकाळी पिल्लू जिच्या छातीशी, ती आई. एवढ्यावर आठशे माकडांची वंशावळ उभी होती आणि त्या वंशावळीवर ती. तिलाही कधी शंका आली नव्हती. खरं तर सही करण्याआधी एकदा आईचा नमुना तपासून घ्यायला तिचं काय जात होतं?

तिने वही वाचली. अक्षर तेव्हा कोवळं होतं. ‘सतराचं पिल्लू परवा मेलं. आज सकाळी एकतीस व्यालेली दिसते, पण पिल्लू सतराकडे. दूध पाजते आहे. एकतीस दोनदा हात पुढे करून बसली, मग लांब जाऊन बसली. सतरा त्याला क्षणभर खाली ठेवत नाही. रजिस्टरमध्ये आई म्हणून सतरा लिहिलं. बरोबर केलं का?’

शेवटचं प्रश्नचिन्ह दोनदा गिरवलेलं होतं. तिचा राग तिथेच निम्मा उतरला. उरलेला तिने हट्टाने धरून ठेवला, कारण तो सोडला तर रडू येईल असं वाटत होतं.

दुपारी पत्र्यावर सर आली आणि गेली. तो चहाचे दोन कप घेऊन आला.

“समितीला माझं नाव सांगा,” तो म्हणाला. “नोंद माझी, चूक माझी. तुमची नोकरी जाता कामा नये.”

“आणि तुमची?”

“माझं बघू.”

“गप्प बसला असतात तर कुणाला कळलं नसतं.”

“तुम्हालाही नाही,” तो म्हणाला. “तेच तर नको होतं...”  कपातला चहा न पिताच तो ढवळत राहिला.

शुक्रवारी पडद्यावर समिती आली. अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, “ही नोंद केली कुणी?”

ती बोलणार तोच मागे खुर्ची सरकली. तो उभा राहिला होता. “मी केली.”

“आणि न तपासता सही मी केली,” ती घाईने म्हणाली. “बाई, एक सांगू? चूक आम्हा दोघांची आहे. पण ती वेळेवर पकडली ती एकट्या यांनी. आपलं रजिस्टर आपल्याला फसवत होतं आणि यांची वही खरं बोलत होती. मला यांचे आभार मानायचेत, आणि ते सगळ्यांसमोर मानायचेत.”

अध्यक्षबाई बराच वेळ कागद चाळत राहिल्या. मग म्हणाल्या, “चारही केंद्रांतल्या सगळ्या आया तपासा. ते होईपर्यंत तुम्हाला कायम करण्याचा विषय बाजूला ठेवते. आणि ते गृहस्थ... त्यांच्या वह्या जपून ठेवायला सांगा.”

संध्याकाळच्या गाडीने ती परत गेली. इतक्या घाईत, की डबीतले कानातले तिथेच राहिले. घाई कसली म्हणा... निरोप घेताना आपलं तोंड सगळं बोलून टाकेल, ही भीती.

पुढचे तीन महिने रोज फोन होत. नमुन्यांचे, अर्थात. ‘बाराची आई नऊच निघाली का?’ असं सुरू व्हायचं आणि ‘जेवलात का?’वर संपायचं. आईने एकदा दारामागून ऐकलं आणि मावशीला कळवलं, की माकडांचं काम फारच वाढलेलं दिसतंय.

चार केंद्रांत मिळून आणखी पाच पिल्लं अशी निघाली, जन्म एकीचा आणि माया दुसरीची. पाचही वेळा चूक दुरुस्त झाली. खडूस पहिल्या केंद्रात गेला, जिथे त्याचं कुणी नातलग नव्हतं, आणि तिथे त्याचा खडूसपणा म्हणे बराच कमी झाला. समितीने तिला कायम केलं. तिने सुचवलेला नोंदणीचा नवा अर्जही मंजूर झाला. ‘आई’ या एका रकान्याच्या जागी आता दोन रकाने होते – ‘जन्म देणारी’ आणि ‘सांभाळणारी’. दुसरा रकाना कशाला, असं एका सदस्याने विचारलं होतं. तिने सांगितलं, “कारण कळपात पिल्लाला मान मिळतो तो सांभाळणारीमुळे. रक्तात ती दिसत नाही, म्हणून कागदावर तरी दिसली पाहिजे.”

नवे अर्ज ती स्वतः घेऊन आली. टपालाने पाठवता आले असते, पण तेवढं कोण विचारतंय?

तो लाकडी बाकावर बसला होता. काचेपलीकडे म्हातारी सतरा उन्हात पाय पसरून निवांत होती, आणि तिच्याजवळ, अगदी खेटून, एकतीस. एकीची पाठ दुसरी चाळत होती.

“तुमची एक वस्तू आहे माझ्याकडे,” तो म्हणाला.

तीच पत्र्याची डबी. चिकटपट्टीवरचं ‘अज्ञात’ खोडलं होतं, त्या जागी दुसरं काही लिहायचं धाडस मात्र झालेलं दिसत नव्हतं. तिने झाकण उघडलं. कानातले होते, आणि त्यांच्याखाली बारीक घडी घातलेला एक कागद. तिचाच नवा अर्ज! आदल्या आठवड्यात तिने नमुना म्हणून पाठवलेला.

तिने घडी उलगडली.

‘नर. वय – चौतीस. बाप – शाळामास्तर, निवृत्त. जन्म देणारी – मी चार महिन्यांचा असताना गेली, चेहरा आठवत नाही. सांभाळणारी – तिची धाकटी बहीण. माझी मावशी. स्थलांतर कुठे – सोयरीकबाई ठरवतील तिथे.’

तिने वर बघितलं. तो काचेकडे बघत होता.

“खडूस जन्मला त्या सकाळी मी या नोकरीत नवीनच कायम झालो होतो,” तो हळू म्हणाला. “नियम पाठ होता, आणि एकतीस व्यालीय हे दिसतही होतं. तरी हात सतरावरच गेला. शाळेत माझ्या नावापुढे आई म्हणून मावशीचं नाव लावायला हेडमास्तर तयार नव्हते... ती दाखला हातात घेऊन ऑफिसबाहेर उभी होती, ते मला आठवतं. सतराला मी तसं बाहेर उभं कसं करणार होतो?”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पुसायचं म्हणून तिने हात वर नेला आणि वेळ मारून न्यायला कानातले घालू लागली.  एक फिरकी बसता बसेना.

“मी...?” त्याने विचारलं.

तिने मान कलती केली. माकडाच्या पिल्लाचं बोटभर मनगट न दुखवता धरणारे ते हात. त्यांनी फिरकी बसवली आणि मग उगाचच क्षणभर तिथेच राहिले.

“तीन महिने नमुन्यांचं बोलतोय आपण,” ती म्हणाली. “मला रोज वाटायचं, आज तरी तुम्ही दुसरं काही विचाराल.”

“मलाही रोज वाटायचं, आज विचारीन. मग वाटायचं, एवढी आठशे जणांची पारख असलेली बाई... आपल्याला पास करेल का?”

“बुधवारीच केलं होतं. कँटीनमध्ये.”

“मग सांगायचं नाही का!”

“पेन द्या इकडे.”

त्याने पेन दिलं. अर्जाच्या तळाशी समन्वयकाच्या शेऱ्यासाठी दोन ओळी होत्या. तिने गुडघ्यावर कागद ठेवून लिहिलं, सही केली आणि त्याच्या हातात दिला. यावेळची सही तिने तीन महिने पारखून केली होती.

त्याने वाचलं – ‘स्थलांतर मंजूर. पण आधी सांभाळणारीला भेटायचं आहे. तिचे आभार मानायचे आहेत.’

त्याने कागदाची घडी पुन्हा घातली. मग म्हणाला, “मावशी विचारेल, आभार कशाचे?”

“ते मी तिलाच सांगेन,” ती म्हणाली. “समोर बसून.”