कोठीच्या भिंतीमागे

हे सखीदाद मामाच्या बाबतीत घडलंय. ऐकीव नाही. मामाने इमामांची शपथ घेऊन सांगितलंय, आणि ती शपथ तो उगाच घेत नाही.

आम्ही हजारा जमातीचे शिया. अफगाणिस्तानातून इराणात आलेलो. मामा मशहदला गवंडीकाम करायचा. राहण्याची कागदपत्रं मिळतील या आशेने तो इराणने उभारलेल्या शियांच्या सशस्त्र तुकडीत भरती झाला आणि सीरियाच्या यादवीत लढायला गेला.

२०१६ चा जुलै. अलेप्पोच्या दक्षिणेचं एक ओस गाव. तीन आठवडे तोफा डागून तुकडीने ते घेतलेलं. मामासह सहाजणांनी एका घरात मुक्काम टाकला.

पहिल्याच दुपारी...

टक्. टक्. टक्.

कोठीच्या भिंतीतून.

मामाने कान लावला. आवाज थांबला. मग आतून बारीक स्वर आला... "माय... माय..."

अरबीत माय म्हणजे पाणी.

मामाने पावलांनी अंतर मोजलं. कोठी बाहेरून लांब, आतून आखूड. भिंत नवी होती. कुणीतरी लपायला घातलेली.

"हाजी, आत पोर आहे. भिंत फोडू या."

"खबरदार!" कमांडर हाजी तवस्सुली खेकसला. "गेल्या महिन्यात असंच पोर रडत होतं. टेपवर! दार उघडलं आणि माझी तीन माणसं उडाली."

"पाणी मागतंय हो. मोहरमात करबल्याच्या तहानलेल्या लेकरांसाठी छाती बडवतो ना आपण?"

हाजीने बंदुकीवर हात ठेवला. मग म्हणाला, "फोडलीस तर गोळी घालीन."

मामाने विटांच्या फटीतून पाणी ओतलं.

आत पडल्याचा आवाजच आला नाही.

दुसऱ्या दुपारी पुन्हा टक् टक्. सोबतचा बरात हसला. "उन्हाने डोकं फिरलंय तुझं, मिस्त्री. मला तर काहीच ऐकू येत नाही."

तिसऱ्या दुपारी... काहीच नाही.

ती शांतता मामाला सोसेना. त्याने पहार उचलली. हाजीने बंदूक रोखली, पण चाप ओढला नाही.

विटा कोसळल्या.

एक बाई. दोन लेकरं. मागची वाट तोफेने ढासळलेली. जमीन कोरडी ठाक.

मामाला बघवेना. हाजीच आत वाकला.

"तीन आठवडे तरी झालेत. आपण यायच्या आधीच मेलेत."

पण वास... भर जुलैत वास अजिबात नव्हता.

मामाला कागदपत्रं मिळाली. आता तो मशहदलाच असतो. एकदा मी म्हटलं, "मामा, ते भूतच होतं."

"भूतच असू दे रे," तो म्हणाला. "रोज नमाजात तेवढंच मागतो. नाहीतर मी दोन दिवस..."

ते वाक्य त्याने आजवर पुरं केलेलं नाही.