पलीकडचं पातेलं

बातम्यांत आधी पावसाचा अंदाज आला आणि मग, त्याच निवेदिकेच्या त्याच हसऱ्या आवाजात, यादवीचा. "वाकडी नदीच्या दोन्ही तीरांवर यादवीची दाट शक्यता. नागरिकांनी बाहेर पडताना काळजी घ्यावी." केतकी टिपणीसने टीव्ही बंद केला आणि छत्री घेतली. यादवीसाठी बरोबर काय न्यावं, हे अजून कुणी सांगितलं नव्हतं.

हा अंदाज तिच्याच कचेरीतून जायचा. प्रांताच्या उत्तर आणि दक्षिण तीराचं बिनसलं होतं. भांडण कशावरून, याबाबत दोन्हीकडे एकमत होतं: समोरच्यामुळे. वेगळी सरकारं झाली, वेगळे झेंडे झाले, साहित्य संमेलनंही वेगळी झाली. गोळीबार तेवढा राहिला होता. उत्तरेच्या सरकारने कोण जिंकेल हे विचारायला 'पारडं' नावाची संगणकप्रणाली बसवली आणि ती केतकीच्या हवाली केली. पारड्याने रेल्वे पाहिली, गिरण्या पाहिल्या, धान्याची कोठारं, परदेशातले मित्र, सगळं पाहिलं. लढाई लांबली तरच हे कामाला येईल, असं सांगून त्याने ते बाजूला ठेवलं. मग ते भांड्यांकडे वळलं.

भांड्यांवर नाव घालायची पद्धत मागे पडून आता भांड्यात 'नावकण' बसवत. मोहरीएवढा कण, आपलं पातेलं सध्या कुणाच्या घरी आहे, ते त्याच्यामुळे फोनवर दिसे. हरवलेल्या डब्यांची सोय, एवढाच मूळ हेतू. पण जगभरच्या अलीकडच्या यादव्या तपासताना पारड्याला दिसलं, की पहिल्या गोळीच्या आधी वस्तू आपापल्या घरी परततात. कुठे शिड्या, कुठे पुस्तकं, कुठे विहिरीचे दोर. ज्या बाजूच्या वस्तू समोरच्याच्या घरातून आधी निघतात, ती बाजू जिंकते.

'ज्या घरात आपलं पातेलं आहे, त्या घरावर पेटता बोळा टाकताना माणूस क्षणभर थांबतो,' केतकीने अहवालात लिहिलं. 'तो क्षण नाहीसा होऊ देऊ नये.'

संरक्षण सचिव पारसनीस यांनी अहवाल वाचून तिला बोलावलं. "उत्तम काम, बाई. म्हणजे आपली भांडी आधी आणायची. बरोबर?"

"साहेब, हा धोक्याचा इशारा आहे."

"तेच म्हणतोय मी. धोका त्यांना."

आठवडाभरात भांडी-वापसी मोहीम सुरू झाली. शेजारचं भांडं रिकामं परत करायचं नाही, किमान चिमूटभर साखर तरी घालायची, या रिवाजाचा अडथळा येईल अशी सरकारला धास्ती होती. म्हणून आदेश निघाला: रिकामी भांडी परत करण्यास हरकत नाही. आदेशाची इतकी तत्पर अंमलबजावणी प्रांतात पूर्वी कधीच झाली नव्हती. केतकी पुलावर पाहायला गेली. दोन्हीकडून बायका-पुरुष येत होते, पुलाच्या मध्यावर भांडी बदलत होते आणि मागे फिरत होते. कुणी कुणाला 'कशी आहेस' म्हणत नव्हतं. भर दुपारी एवढ्या गर्दीत आवाज फक्त स्टीलचा. डबे उघडून आत बघायचीही कुणाला गरज वाटत नव्हती.

मग पारड्याच्या पडद्यावर दक्षिण तीरावर उत्तरेचा एकच लाल ठिपका उरला. शेजारी नाव उमटलं होतं: केतकी टिपणीस.

"कुणाकडे आहे?" पारसनीसांनी विचारलं.

"बहिणीकडे. पूल उतरल्यावर पहिलंच घर."

"मागवून घ्या. हा ठिपका अलीकडे आला, की तोफांना हुकूम."

पूल उतरल्यावर पहिलंच घर. साहेबांनी ते ऐकलं होतं. केतकीने सगळ्यांसमोर फोन लावला.

"ताई, माझं पातेलं आहे का गं तुझ्याकडे?"

"आहे की. चिरोटे पाठवले होतेस ना," मैथिली म्हणाली. "का, अडलंय का?"

"परत पाठव म्हणतात."

"कोण म्हणतात?"

"सरकार."

"अगंबाई. मग सरकारला सांग, घरात साखरेचा कण नाही. तुमच्याच लोकांनी नाकी अडवलीयेत. आली की पाठवते."

"आता रिकामं चालतं, ताई. तसा आदेश आहे."

"तुमच्या आदेशाला चालत असेल. आईला चाललं असतं?"

फोन ठेवल्यावर पारसनीसांनी थोडा विचार केला. "साखरच हवी ना? पाठवू. पण सरकारी साखर म्हणजे निविदा काढणं आलं. तुमच्या घरात असेल ना?"

नाही म्हणायचं तिच्या ओठांवर आलं. पण वरिष्ठांना तिने आजवर नाही म्हटलं होतं ते फक्त तळटिपेत. घरातली सगळी साखर पिशवीत भरून तिने 'उडत्या हमाला'च्या पोटात ठेवली. ते चार पंख्यांचं यंत्र भुणभुणत नदीपार गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते परत आलं. तोफखान्याचा अधिकारी फोन कानाला लावून उभा होता. पण पडद्यावरचा लाल ठिपका जागचा हलला नव्हता. उलट अलीकडच्या तीरावर एक निळा ठिपका उगवला: मैथिली राजाध्यक्ष. यंत्राच्या पोटात तिचा डबा होता, आणि डब्यात गरम शिरा.

"तुझं पातेलं रिकामं कुठे झालंय अजून?" मैथिली फोनवर म्हणाली. "उरलेली साखर त्यातच ठेवलीये. म्हटलं, निदान शिरा तरी खाशील."

पारसनीसांनी बोटभर शिरा चाखला. "साजूक तुपातला आहे," ते संशयाने म्हणाले. "याचा अर्थ काय? फायदा कुणाचा?"

पारड्याने बराच वेळ घेतला. मग पडद्यावर अक्षरं उमटली: असा प्रसंग नोंदीत नाही.

"तो डबा आत्ताच्या आत्ता परत करा!"

"रिकामा, साहेब?" केतकीने विचारलं.

खोलीतल्या प्रत्येकाने त्या आठवड्यात कुणाचं तरी भांडं रिकामं परत केलं होतं. सगळे जमिनीकडे पाहू लागले. तोफखान्याच्या अधिकाऱ्याने हळूच फोन खिशात घातला.

संध्याकाळच्या बातम्यांत पाऊस झाल्यावर निवेदिका पहिल्यांदाच अडखळली. "यादवीचा अंदाज... आज उपलब्ध नाही."

केतकीने ताईचा डबा घासून ओट्यावर पालथा घातला. मग साखरेची बरणी उघडली. तिच्या तळाशी आता काही नव्हतं. नदीपलीकडेही असंच एखादं पारडं असेल. त्याच्यासमोर बसलेलं कुणीतरी आत्ता या निळ्या ठिपक्याकडे पाहत असेल. डबा परत आला की हुकूम, असं तिथल्याही कुणा पारसनीसांनी सांगून ठेवलं असेल.

तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. जिन्यात शेजारच्या काकू उभ्या होत्या, पदराखाली काहीतरी झाकून.

"ऐकलं, तुझी साखर संपली म्हणून," त्या कुजबुजल्या. "वाटीभर आणलीये. घेशील?"